न उघडलेल्या चिठ्ठ्या

त्या दुष्काळात आमच्या कॉलनीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा. चिकलठाण्याच्या बाजूला नवी घरं उठत होती, बोअर मात्र कोरड्या ठाक. मला पाचवा महिना होता. सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात मोठा दोष दिसला. जन्मल्यावर ऑपरेशन करता येईल, पण खात्री देता येत नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. गर्भ ठेवायचा की नाही, ते आठ दिवसांत ठरवा. यजमान "तू म्हणशील तसं" म्हणून मोकळे झाले. मला त्यांचा फार राग आला.

काही ठरेनासं झालं की देवापुढे चिठ्ठ्या टाकायच्या, ही आमच्या घरची रीत. सातव्या दिवशी एकीवर 'ठेवायचं', दुसरीवर 'नाही' लिहून मी त्या देव्हाऱ्यात ठेवल्या. उचलायला हात धजेना. चिठ्ठी परक्यानं उचलावी, असं आई म्हणायची. तेवढ्यात एक मेंढपाळ बाई दारात पाणी मागायला आली. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर तिची मेंढरं होती आणि पदराच्या झोळीत एक मरतुकडं कोकरू. मी तांब्या भरून दिला. तिनं आधी कोकराचं तोंड ओलं केलं, मग स्वतः प्यायली. का कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं आणि चिठ्ठी उचलायची विनंती केली.

"मी नाय उचलणार, बाई. उद्या वंगाळ झालं तर देवाला बोल लावशील, नायतर मला."

"हे कोकरू जगेल का हो, मावशी?"

"काय ठावं. पितंय तवर पाजायचं."

ती गेली. मी देव्हाऱ्यापुढे बसून पोटभर रडले. मला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं, ते तिनं ओळखलं होतं. मी हात जोडले, "देवा, ठरवते मी. पुढचं तुझ्या हाती." चिठ्ठ्या न उघडताच तुळशीच्या कुंडीत पुरल्या.

लेकीची दोन ऑपरेशनं झाली. त्या प्लॉटवर आता चार मजली इमारत आहे. ती बाई पुन्हा दिसली नाही. रोज दिवा लावताना मात्र आठवते. लेक वाचली नसती तर मी हे लिहिलं असतं का, सांगता येत नाही. माझ्या जागी दुसरीनं वेगळं ठरवलं असतं, तरी देव तिच्याही पाठीशी असता, एवढं मात्र मला पक्कं वाटतं.

परवा कॉलेजातून येऊन लेकीनं विचारलं, "चिठ्ठीत 'नाही' निघालं असतं तर, आई?"

"तर दुसरी उघडली असती."

ती हसली. हसताना तिला अजून थोडी धाप लागते. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.