पाळण्याची बोली

परळीच्या वीजकेंद्रात मी एकतीस वर्षं यंत्रांच्या देखभालीला होतो. निवृत्त झालो आणि वसाहतीतलं क्वार्टर सोडायची वेळ आली. बीडला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन ठेवल्या होत्या, पण क्वार्टरमधला सगळा पसारा तिथं नेला असता तर आम्हा नवरा-बायकोला जिन्यात अंथरूण टाकावं लागलं असतं.

आधी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं दारातूनच घरावर नजर फिरवली आणि सगळ्याचा मिळून एक आकडा सांगितला. माझ्या हातानं तीनदा मोटर भरलेला कूलर आणि बुडाला गळणारी बादली त्यानं एकाच मापात धरली, याचा मला भयंकर राग आला. चहाही न विचारता त्याला वाटेला लावलं.

हे सगळं पुण्याला सुनेला फोनवर सांगितलं. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणते. ती हसली आणि म्हणाली, मामा, ऑनलाइन लिलाव करा. दोन दिवसांत तिनं पुण्यात बसून वसाहतीतल्या लोकांचा मोबाईलवर ग्रुप केला आणि नियम लिहून दिले. वस्तूचा फोटो सकाळी टाकायचा, बोली संध्याकाळी पाच ते सात, सातला ज्याची बोली सगळ्यांत वर त्याची वस्तू. नेल्यावर कुरकुर चालणार नाही, हा नियम मात्र माझा.

मला वाटलं होतं, चार दिवसांचा खेळ होईल. पण मी त्यात असा रमलो की हिचा जीव मेटाकुटीला आला. आमच्याकडं माळ्यावरच्या वस्तूवर कोळशाच्या राखेचा थर असतोच, त्यामुळं प्रत्येक वस्तू आधी धुवायची, उन्हात ठेवायची, मग फोटो. फोटोखाली मी ओळीही लिहायला लागलो. भिंतीवरच्या घड्याळाखाली लिहिलं, ‘दिवसाला दोन मिनिटं पुढं जातं, पहिल्या पाळीवाल्यांच्या सोयीचं.’ ते पहिल्या पाळीवाल्यानंच घेतलं. कूलरसाठी तर एकाच जिन्यातले दोघं भिडले. खालच्यानं बाजी मारली तेव्हा वरच्यानं ग्रुपवर लिहिलं की असू द्या, वारा शेवटी वरच येतो. पाच वाजायला आले की मी खुर्ची ओढून मोबाईलपुढं बसायचो. नोकरी सुटल्यापासून माझी कुणी वाट बघत नव्हतं, आता पाच वाजता चाळीस माणसं बघायची. मला ते फार आवडत होतं.

हिची पद्धत वेगळी होती. जी वस्तू बीडला न्यायची तिला ती लाल दोरा बांधायची. दोरा असेल तिथं मी हात लावायचा नाही. मला पण एक दोरा बांधून टाक, म्हणालो, तर ही म्हणाली, “तुमाला ग्रुपवर टाकलं तरी कुणी बोली लावायचं न्हाई. ऱ्हावा निवांत.”

पाट्या-वरवंट्यापाशी ती दोरा हातात घेऊन बराच वेळ उभी होती. मग दोरा तसाच पदराला पुसून डबीत ठेवला. तो पाटा-वरवंटा पलीकडच्या बिल्डिंगमधल्या एका तरुण बाईनं घेतला. तिचा नवरा ठेकेदाराकडं कामाला आणि तिला सातवा महिना. मिक्सरची चटणी तिला गोड लागत नव्हती म्हणे.

शेवटी माळ्यावर एक गाठोडं उरलं. जुन्या साडीत बांधलेला पाळणा. सागवानी, पितळी साखळ्यांचा, हिच्या माहेरहून आलेला. माझा मुलगा दीड वर्षाचा होईपर्यंत त्यात झोपला. मुलाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, आणि मूल नाही. दवाखाने झाले, नवस झाले, मग त्या विषयावर घरात बोलणं थांबलं. पण दर दिवाळीला मुलगा-सून आले की ही पाळणा खाली काढायची, तेलाच्या बोटानं पुसायची आणि वेगळ्या साडीत बांधून परत वर ठेवायची. तोंडानं एक अक्षर काढायची नाही. मला ते बघवत नव्हतं. दरवर्षी त्या वेळी मी काहीतरी आणायच्या निमित्तानं बाजारात निघून जायचो.

गाठोड्याला लाल दोरा नव्हता. दोरा नाही म्हणजे विकायचा, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मला ठाऊक होतं, पाळण्याला दोरा बांधावा लागेल हे हिच्या मनातच आलं नसणार. तरीही मी तो खाली काढला. एकदा घराबाहेर गेला की हिचं ते पुसणं थांबेल, असं मला वाटत होतं. आणि मोबाईलपुढं बसायला त्या दिवशी दुसरं काही उरलं नव्हतं, हेही कबूल करतो.

सोमवार होता. ही वैजनाथाच्या देवळात गेली होती. मी पाळणा पुसला, हॉलच्या कडीला टांगला, साखळ्यांना तेल दिलं. फोटो काढला, पण मन भरेना. देखभालीच्या माणसाची सवय अशी की यंत्र चालवून दाखवल्याशिवाय कुणाच्या ताब्यात द्यायचं नाही. मी व्हिडिओ लावला आणि दुसऱ्या हातानं पाळण्याला झोका दिला. चांगला मिनिटभर हलवला. वरून बोललोसुद्धा, “बघा, कुईसुद्धा आवाज नाही.” आणि टाकला ग्रुपवर.

रिकामा पाळणा हलवू नये, हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी त्याच्यावरून आईच्या हातचा धपाटा खाल्लेला होता. पण त्या घटकेला माझ्यापुढं पाळणा नव्हताच, दोन साखळ्या आणि चार कड्या होत्या.

एरवी पाच मिनिटांत चौकशा सुरू व्हायच्या. त्या दिवशी ग्रुप चिडीचूप. सगळ्यांनी पाहिलेलं दिसत होतं, बोलत कुणी नव्हतं. मग ग्रुपवर एका म्हाताऱ्या शेजारणीचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, “भाऊ, रिकामा पाळना हालवत नसतेत. बंद करा ते.” व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर उशीर झाला होता. ग्रुप सुनेनं केलेला होता. पाहणाऱ्यांत पहिलं नाव तिचं होतं.

ही देवळातून आली ती चप्पल न काढताच हॉलमध्ये आली. कुणीतरी देवळाच्या पायऱ्यांवरच तिला मोबाईल दाखवला होता. ती ओरडेल म्हणून मी तयारीत होतो, पण तिनं फक्त पाळण्याच्या दांडीला हात लावून तो अगदी स्थिर केला.

“कावून हालवला वो?” एवढंच म्हणाली.

मग ती म्हणाली की आधी ह्यात काहीतरी ठेवलं पाहिजे, रिकामा नको. बारशाला बाळाच्या आधी टोपडं घालून वरवंटा ठेवतात, तसा वरवंटा ठेवू. ती स्वयंपाकघरात गेली आणि मोकळ्या कोपऱ्याकडं बघत उभी राहिली. वरवंटा मी आठवड्यापूर्वी विकला होता.

मी गेलो पलीकडच्या बिल्डिंगमध्ये. एकतीस वर्षांच्या नोकरीत कुणापुढं हात पसरला नव्हता, आणि आता विकलेला वरवंटा एका दिवसासाठी उसना मागत होतो, तेही ‘कुरकुर चालणार नाही’ हा नियम स्वतः लिहून. त्या तरुण बाईनं काही विचारलं नाही. वरवंटा धुतला, पुसला, हातात दिला. दारात येऊन मात्र म्हणाली, “काका, पाळना मलाबी लई आवडला. पण बोली कशी लावू? पाळन्याला पैसे लावतेत का कुटं? ज्याला पायजे त्यानं मागायचा असतो.” मग ती मान खाली घालून म्हणाली की तुमच्या घरात लागणार असंल, म्हणून मागितला न्हाई.

हिनं वरवंट्याला मुलाचं जुनं टोपडं घातलं आणि पाळण्यात निजवला. आम्ही दोघं समोर बसून राहिलो. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. सुनेला फोन करायचं धाडस होईना, आणि तिचाही येत नव्हता.

सहाच्या सुमारास तिचा फोन आला. टर्बाइनपाशी वर्षं काढल्यानं मला कमी ऐकू येतं, म्हणून माझा फोन कायम स्पीकरवर असतो. सुनेला हे पक्कं ठाऊक आहे. मी माफी मागायला सुरुवात केली, तर तिनं मला थांबवलं.

“मामा, हलवल्याचं मला काही नाही वाटलं. पाळणा खाली आला हेच बरं झालं. देऊन टाका तो.” मग म्हणाली, “दर दिवाळीला आत्या तो पुसायला बसल्या की मी बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून बसते. रडलेलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.”

मी हिच्याकडं पाहिलं. हिचा हात पाळण्याच्या दांडीवरच होता.

“मला कधी बोलली न्हाईस गं,” ही म्हणाली.

“तुम्ही माझ्यासाठीच पुसत होता, आत्या. कसं बोलू?”

नऊ वर्षं एक जण पाळणा पुसत होती, एक जण नळ सोडत होती आणि एक जण बाजारात पळत होता. तिघंही एकमेकांना जपत होतो, आणि तिघांनाही त्याचाच त्रास होत होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही म्हणाली, वरवंटा परत द्यायचाय ना, मग आतच राहू द्या. रिकामा न्यायला नको. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून पाळणा वरवंट्यासकट पलीकडच्या बिल्डिंगमध्ये नेला. त्या तरुण बाईनं आधी हिच्याकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. हिनं तिला कुंकू लावलं आणि सांगितलं की मूल चालायला लागलं की पुढच्या मागणारीला दे, आम्हाला परत नको. घरी येऊन हिनं माझा मोबाईल मागून घेतला आणि एकेक अक्षर शोधत ग्रुपवर लिहिलं, ‘पाळणा दिला. बोली बंद.’ खाली चाळीस जणांचे हात जोडलेले आले. त्यानंतर मी ग्रुपवर काही टाकलं नाही. उरलंसुरलं त्याच भंगारवाल्याला दिलं, आणि या खेपेला चहाही दिला.

यंदाची दिवाळी बीडच्या घरात झाली. मुलगा आणि सून आले. दुपारी ही शंकरपाळ्या कापत होती, मी पेपर घेऊन बसलो होतो. सून स्टुलावर चढून माळा आवरून उतरली आणि हात-पाय धुवायला बाथरूममध्ये गेली. मला काही ऐकू आलं नाही, पण हिचा कातणं धरलेला हात थांबलेला दिसला. पिठाच्या हातानं ती उठली आणि बाथरूमच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. दार वाजवलं नाही, नुसती उभी. मीही पेपर खाली ठेवला.

तेवढ्यात आतून सुनेचा आवाज आला, इतका मोठा की मलाही ऐकू आला.

“आत्या, मामांनी नळ उलटे बसवलेत का? गरम म्हणून सोडला तर गारच येतंय.”

ही दाराला टेकून हसायला लागली आणि कोपरानं डोळे पुसले. मी पाना शोधायला उठलो.