निळ्या उजेडाखालून वाहणारं पाणी

"हळू बोला, मासे दचकतात!" हे वाक्य आमचे शेजारी इतक्या मोठ्यानं ओरडायचे की रस्त्यावरचा सायकलवाला दचकून मागं बघायचा. मासे मात्र गप्प. त्यांना त्या आवाजाची सवय झाली होती.

मी त्यांना भाऊजी म्हणायची. सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. दिवसभर खडखडाटात बसायचं आणि त्याच्या वरताण बोलायचं, त्यामुळं घरीसुद्धा आवाज खाली येत नाही, असं त्यांची बायको, म्हणजे वहिनी, म्हणायच्या. सत्तरनंतरची पहिली दोन-तीन वर्षं ती. नगरजवळची सावेडी म्हणजे तेव्हा माळच होता हो. बैठ्या घरांची एक ओळ, भोवती बाभळी, आणि ओळीला मिळून एक नळ. त्या ओळीत मी नवी सून. अन् पुढच्या खोलीत काचेची टाकी ठेवून रंगीत मासे पाळणारा माणूस मी तोवर पाहिलाच नव्हता!

भाऊजींची लाडकी होती एंजल माशांची जोडी. चपटे, काळ्या पट्ट्यांचे, वर-खाली लांब पंख. पाण्यात पतंग सोडावेत तसे दिसायचे. मुंबईहून पाण्याचा डबा मांडीवर धरून एस.टी.नं आणले होते. कोणी दारात आलं की भाऊजींचं सुरू, "या, बघा तर खरं!" भाजीवाली असो नाहीतर पोस्टमन, बघितल्याशिवाय सुटका नाही.

आणि मग आला दुष्काळ. तुमच्यातल्या वयस्कांना सांगायला नको. नळाला करंगळीएवढी धार, तीही आली तर. हंड्यांची रांग लागायची. माझ्या सासूबाई आमच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या, घाटाकडच्या भाताच्या मुलखातल्या. पाऊस बघत वाढलेली बाई, तिला ही टंचाई सोसायची नाही. एकदा भाऊजी बादली घेऊन रांगेत उभे राहिले, तशा त्या कडाडल्या, "मानसाला प्यायला न्हाई अन् याच्या माशांची आंघूळ चाललीय! तळून खा की एकदाचे!"

सगळ्या बायका हसल्या. भाऊजी नाही हसले. बादली खाली ठेवून म्हणाले, "आजी, पाणी पुन्हा नीट यायला लागेपर्यंत या नळाचा थेंबसुद्धा टाकीत घालणार नाही. शब्द देतो."

शब्द दिला, आणि पंधरवडाही झाला नसेल, माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. रवा भुरभुरावा तसे. एक बारीकसा किडा माशांना चिकटतो, त्याचा हा रोग. मासे दगडाला अंग घासायचे, कोपऱ्यात जाऊन धापा टाकायचे. बारके दोन-तीन तर गेलेच. एरवी असं झालं की भाऊजी भराभर पाणी बदलायचे, औषध घालायचे, पुन्हा पाणी बदलायचे. आता बदलणार कुठून? मी म्हटलं, "भाऊजी, एक बादली घ्या. मी सासूबाईंना समजावते."

"नाही. रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला काय तोंड दाखवू?"

इतका बडबडा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी कोणाला "बघा तर खरं" म्हटलं नाही.

वहिनींचा भाऊ पुण्याला एका दवाखान्यात विजेची कामं करायचा. ऑपरेशनच्या खोलीत जंतू मारायला एक निळसर उजेडाची नळी लावतात, तिच्याविषयी त्यानं मागं कधीतरी भाऊजींना सांगितलं होतं. भाऊजींच्या डोक्यात ते पेटलं! रविवारी पुण्याला गेले आणि मेहुण्याकडून तसली एक नळी धोतरात गुंडाळून घेऊन आले. अंगणातूनच आरोळी, "सगळ्यांनी या! पाणी बदलायचं नाही, धुवायचं! उजेडानं!"

अख्खी ओळ जमली. नळी टाकीच्या मागं उभी केली होती. बटण दाबलं, आणि अहाहा! सगळं पाणी निळंजांभळं झालं. वीज कडाडल्यावर येतो तसला वास. आम्ही पुढून काचेतून बघतोय, आणि भाऊजी बाजूनं वाकून वाकून थेट नळीकडं बघतायत, नीट पेटलीय ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींचे डोळे टोमॅटोसारखे लाल! डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय म्हणत ओला रुमाल धरून बसले. डॉक्टरांनी फैलावर घेतलं ते वेगळंच. मासे जसेच्या तसे, ठिपके उलट वाढलेले. सासूबाई म्हणाल्या, "किडं ऱ्हायलं बाजूला, ह्योच आंधळा व्हायचा!"

तीन-चार दिवसांनी मेहुणा आला. सगळं ऐकून त्यानं कपाळावर हात मारला. "अहो दाजी, बाकीच्यांचे डोळे कसे नाही दुखले?"

"ते पुढं होते. टाकीच्या पलीकडं."

"म्हणजे मधे काय होतं?"

भाऊजी रुमाल काढून बघतच राहिले. "काच!"

"साधी काच हा उजेड अडवते, दाजी. तुम्ही या लोकांना वाचवलंत, आणि त्या किड्यांनाही!"

भाऊजी स्वतःच्या फजितीवर इतके हसले म्हणता! दुखरे डोळे चोळत तसेच उठले आणि नवी जुळणी केली. पत्र्याचं एक पन्हळ, त्यावर ती उजेडाची नळी आडवी टांगलेली, आणि वरून सगळं झाकणारी फळ्यांची पेटी. उजेडाचा कवडसासुद्धा बाहेर यायला नको. टाकीतून रबरी नळीनं पाणी पन्हळात सोडायचं, ते पातळ होऊन उजेडाखालून जायचं आणि खालच्या बादलीत पडायचं. बादली भरली की तांब्यानं परत टाकीत. तेच पाणी, गोल गोल.

"अंगावरचा किडा उजेडानं मरणार नाही," भाऊजी आम्हाला समजावत होते, "पण तो पिकला की गळून खाली पडतो, आणि त्याची पिल्लं पाण्यात सुटतात. ती नवा मासा शोधत हिंडतात ना, तेव्हा गाठायची! म्हणून थांबायचं नाही."

थांबायचं नाही म्हणजे तांब्या कोण ओतणार? भाऊजी कचेरीत, वहिनी शाळेत शिकवायच्या. मग मी ओतायची, शेजारच्या बायका ओतायच्या. शेंगा निवडता निवडता ओतायचं, गप्पा मारता मारता ओतायचं. दुष्काळात मन भरून पाणी ओतायला मिळायचं ते तेवढंच! एक दिवस बघते तर सासूबाई बसलेल्या, तांब्या हातात. मला म्हणाल्या, "बघती काय? सांडाया नगं म्हून बसले."

ठिपके गळत गेले. नवे उठेनात! एका संध्याकाळी भाऊजींनी एंजलच्या जोडीला डाव्या बाजूनं बघितलं, उजव्या बाजूनं बघितलं, आणि अंगणात येऊन दोन्ही हात वर करून नाचले. खरंच नाचले. लेंग्यात.

पण ऊन होतं ना. पाणी स्वच्छ झालं तरी आटायचं थांबत नाही. टाकी रोज थोडी उतरायची. शेवटी निम्मीच राहिली, आणि एंजल म्हणजे उंच मासे. पंख ताठ करायला त्यांना जागा पुरेना. तिरके तिरके पोहायचे. "आता याला उजेड काय करणार?" भाऊजी हळूच म्हणाले. नळ दारासमोर होता. ते गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आमच्या घरातली कळशी कमरेवर घेऊन त्यांच्या दारात.

"आजी, नको. मी शब्द दिलाय."

"तू दिलायस, म्या न्हाई दिला. ह्ये माझ्या वाटनीचं हाय. मी आज लुगडं धुनार न्हाई, तुझं काय जातंय?"

आणि धार सोडली. मागनं एक बाई गडू घेऊन आली, दुसरी चरवी. मीही गेले. 

भाऊजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पण मला ते दिसतात ते तसेच, टाकीपुढं उकिडवे बसलेले. पाणी चढत होतं आणि ती जोडी त्याच्याबरोबर वर येत होती, आधी पाठीवरचा पंख ताठ, मग पोटाखालचा. भाऊजींनी काचेवर बोट टेकवलं होतं आणि माशांच्या मागं मागं ते वर सरकवत होते.