सख्ख्या मामानं दिली नाही

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. समोर बसून सांगू म्हणत राहिलो, पण समोर बसलं की तोंड उघडत नाही.

पुण्याकडच्या कारखान्यात चिकटलो, तेव्हा मुखेडच्या स्टँडवर मोठी बहीण, आमची अक्का, सोडायला आली होती. कडेवर तिचा गजानन. एसटी सुटता सुटता ती खिडकीशी येऊन म्हणाली, "तुला पोरगी झाली की माझ्या गज्याला द्यायची. ध्यानात ठिव." मी हसत म्हणालो, "हाव, दिली!" आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क समजतात.

मुलगी झाली, शिकली. तिकडे गजानन डी.एड. होऊन शिक्षकभरतीची वाट बघत बसला. भरती निघेना, तो शेत बघू लागला. अक्कानं फोनवर विषय काढला तेव्हा मी म्हणालो, "रक्ताच्या नात्यात नको म्हणतात डॉक्टर." डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं, मुलीलाही नाही. मी फक्त नोकरी बघितली. अक्का म्हणाली, "लेकराचं भलं बघ, बाबा," आणि त्या वर्षीही नेहमीसारखी ज्वारी पाठवली.

माझी मुलगी दुसऱ्या घरी सुखात आहे. गावात मात्र संध्याकाळी पारावर चाळिशीची शिकलेली पोरं बसलेली असतात. नोकरी नाही म्हणून लग्न नाही. "काय नवरदेव, हळद कधी?" असं एकमेकांनाच चिडवतात. गजाननच्या वाट्याला त्याहून जास्त आलं. मुलीकडचे म्हणत, "सख्ख्या मामानं दिली न्हाई, म्हंजे पोरात काहीतरी असंल."

एका मुलीच्या बापानं तर चौकशीला मलाच फोन केला. "पोरगा लाखात एक आहे, मी नोकरीपायी नाही म्हणालो," एवढंच मला सांगायचं होतं. पण मग अक्काला सांगितलेलं खोटं उघडं पडलं असतं. मी म्हणालो, "इतक्या लांबून मला काय माहीत?" ते स्थळही गेलं.

म्हणून गावाकडच्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, ऐका. गजाननात काही खोट नव्हती.

पुण्यात माझा फ्लॅट आहे, दारावर नावाची पाटी आहे. तरी अक्कानं उंबऱ्यातून "आला गं बाई माझा भाऊ" म्हटल्याशिवाय मला घरी आल्यासारखं वाटत नाही.

गेल्या महिन्यात गेलो होतो. गजाननच्या कानशिलांवरचे केस पांढरे झालेत. "मामा, आराम करा," म्हणून तो शेतावर गेला. अक्का हळूच म्हणाली, "तुझ्या वळखीनं लाव की रे त्याला कुठं. पगार नसला तरी चालंल. पोरीवाल्यांनी इचारलं तर सांगायला व्हईल."

तिनं ताटात अंबाडीची भाजी वाढली. अक्का, माझं चुकलं, असं म्हणायला मी मान वर केली. ती माझ्याकडेच बघत होती.

मी म्हणालो, "भाजीत मीठ कमी आहे."

"असू दे," ती म्हणाली. "तुला बीपी हाय म्हणून कमीच टाकलंय."