हलती बाग

जवळा बाजारच्या रस्त्यावर टाइल्सचं एक दुकान आहे. त्याच्या मागे लाकडी पॅलेटांचा ढीग पडलेला असायचा. टाइल्सचे खोके ट्रकमधून फळ्यांच्या ज्या चौकटींवर बसून येतात, त्या या. माल उतरला की त्यांना कुणी विचारत नाही. एखादा धाबेवाला चुलीसाठी उचलून नेतो. अंगणवाडीतून येता-जाता तो ढीग दिसला की माझा जीव तळमळायचा. एवढं लाकूड आणि चुलीत? शेवटी एक दिवस स्कूटी थांबवून दुकानदाराला विचारलंच. तो म्हणाला, न्या की बाई, माझी जागा तरी मोकळी होईल. नवऱ्याचा टेम्पो हळद घेऊन जातो, त्या दिवशी तो रिकामा परत येत होता. त्यात चौदा पॅलेट घालून आणल्या.

मला लाकडाचा पुळका होता असं नाही. मला सासऱ्यांना घरात गुंतवायचं होतं.

सासरे म्हणजे मामा. आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात. त्यांचा सगळा जन्म मेंढरांमागे गेला. मग डोळे गेले. एका डोळ्याला नुसता उजेड कळतो, दुसऱ्याला माणूस आहे की झाड एवढंच. तेव्हा नवऱ्यानं आणि दिरानं मिळून कळप विकून टाकला आणि मामांची बसायची जागा ओट्यावर ठरवली. ठरवणारे दोघेही घराबाहेर, नवरा टेम्पोवर आणि दीर नांदेडला. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! मामा काही ओट्यावर बसेनात. रस्त्यानं कुणाची मेंढरं चालली की घंटीच्या आवाजाला उठायचे, काठी घ्यायचे आणि मागे चालू लागायचे. एकदा शेजारच्या गावात सापडले. दुसऱ्यांदा कालव्याच्या चारीत पडलेले सापडले, गुडघा फुटलेला, तोंडात माती. त्या दिवशी दोघा भावांनी ठरवलं की आणखी एकदा जरी गेले, तर मामांना नांदेडला दिराच्या फ्लॅटवर ठेवायचं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि दाराला कायम कुलूप असतं. या ठरावाला मीही मान हलवली होती. चारीत मामा आधी मलाच दिसले होते आणि मी फार भ्यायले होते.

पण मामांना त्या कुलपात ठेवायला माझं मन घेत नव्हतं. मला अंगणवाडीची नोकरी लागली तेव्हा घरात सगळे विरोधात होते. लेकरं लहान, कोण सांभाळणार, हाच घोष. मामा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "तू जा बाई. लेकरं माझ्या मेंढरात ऱ्हातील." आणि ती राहिली. आज दोघंही शिकायला बाहेर आहेत, पण शाळेत जायच्या आधीच त्यांना कोकरू उचलायला येत होतं. मामांचं हे देणं मी कधी तोंडानं बोलून दाखवलं नाही. सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर सरकू न देणं एवढंच आमच्याकडे सुनेला जमतं.

तर मी बाग करायला घेतली. मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेले होतेच. पॅलेट उभी करून फळ्यांच्या मधल्या खाचांत रोपं लावायची, आडवी टाकून वाफे करायचे, तीन जोडून कचऱ्याचं खत करायला पेटी करायची, दोन एकमेकांवर ठेवून बाक करायचा. व्हिडिओतल्या बाईच्या हाताला साधी कुसळही लागत नव्हती. माझ्या दोन्ही तळव्यांत फळ्यांचे काटे घुसले. खिळे असे गंजलेले की जंबुऱ्यानं ओढले तर डोकं निघून यायचं आणि खिळा आतच राहायचा. वाळवी लागू नये म्हणून खालच्या बाजूला गॅरेजमधलं जळकं ऑइल फासलं, तर आठ दिवस स्वयंपाकघरात त्याचा वास. मला दम धरता येत नाही. एक खिळा निघाला नाही की मी दुसरी पॅलेट ओढायची, तीही अर्धी टाकून तिसरी. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही.

मामा ओट्यावरून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी विचारलं, हे काहून करून राहिली? मी म्हटलं, भाजी लावायची. ते म्हणाले, भाजी लावायला जमीन असते. मी जोरात हातोडी हाणली आणि ती अंगठ्यावर बसली. मग ते खाली उतरले, माझ्या हातातून जंबुरा घेतला, फळीवरून बोटं फिरवली आणि एकेक खिळा असा काढला की फळीला ओरखडाही नाही. दिसत नव्हतं म्हणून त्यांना घाईही नव्हती. मला त्यांचा राग आला आणि बरंही वाटलं.

आठवड्यात बाग उभी राहिली. खताच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ती पोती आडव्या पॅलेटांच्या खाचांत बसवली. त्यात वांगी, मिरची, पालक. भिंतीशी उभ्या केलेल्या दोन पॅलेटांत कोथिंबीर आणि मेथी. पाणी घालायचं काम मामांचं. ते ओंजळीनं माती चाचपून पाणी घालायचे. पॅलेटांना ते ताट्या म्हणायचे.

पहिला आठवडी बाजाराचा दिवस आला. दुपारी मी घरी परतले तर बाग जागेवर नव्हती. मामांनी एकेक पोतं उचलून भिंतीशी ठेवलं होतं, पहारीनं रेटत सगळ्या ताट्या अंगणाच्या दुसऱ्या अंगाला नेल्या होत्या आणि पोती परत त्यात बसवली होती. ओळ अशी सरळ की मलाही साधली नसती. पण उचलाउचलीत वांग्यांची कोवळी मुळं तुटली होती आणि पानं माना टाकून होती. मी पर्स खाली टाकली आणि बोलायला लागले. काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आठ दिस झाले ना बाई. एका जागी लई दिस ठेवलं तर जमीन जळते. मेंढराचे खूर सडतात."

मेंढरं कुठे होती? पण मला त्यांचं म्हणणं कळलं. मेंढपाळ रात्री मेंढरांभोवती वाघर बांधतात, म्हणजे जाळ्याचं कुंपण. ते एका जागी फार दिवस ठेवत नाहीत. मेंढरं बसली ती जमीन लेंडीनं कसदार होते, फार बसली तर नासते. शेतकरी म्हणून तर आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलावतात. मामांनी साठ वर्षं हेच केलं. बाजार आला की मेंढरांच्या वाड्याची जागा बदलायची. आता मेंढरं नव्हती, ताट्या होत्या.

पुढच्या बाजारी त्यांनी बाग पुन्हा हलवली. मी खुंट्या ठोकल्या, त्यांनी खुंट्या उपटल्या. मी भांडले, आणि बाजाराच्या दिवशी बाग पुन्हा दुसरीकडे. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं मी शेजारणीला सांगत सुटले. मिरचीला फूल यायचं आणि हलवाहलवीत गळून जायचं. दोन महिन्यांत घरच्या वांग्याची एक भाजी झाली, तीही पातळ.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. ताट्या आल्यापासून मामा एकदाही गेले नव्हते. रस्त्यानं मेंढरं गेली की ते उठायचे, मान वळवून ऐकायचे आणि परत माती चाचपायला लागायचे. बाजाराच्या आदल्या दिवशी ते अंगणभर काठी टेकत फिरायचे, नवी जागा हुडकायचे. त्या दिवशी त्यांची भूकही वाढायची. मी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मग बरंच झालं, लागली सवय घराची. मलाही तेच ऐकायचं होतं.

कारण तोवर माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं. आमच्या पर्यवेक्षिका मॅडमनी माझ्या बागेचा मोबाईलवरचा फोटो पाहिला आणि म्हणाल्या, आसपासच्या अंगणवाडीताईंना तुमची परसबाग दाखवायला आणते. फोटो पहिल्या आठवड्यातला होता. मला झोप लागेना. मॅडम येणार आणि माना टाकलेली वांगी बघणार? बायका हसणार? इतक्या वर्षांत माझं कुणी काही बघायला येत होतं ते पहिल्यांदाच. नवरा सुट्टीवर होता. म्हणाला, एकदाचं पक्कं करून टाकू. मी हो म्हटलं. माझ्या तोंडून लगेच हो निघालं.

त्यानं सिमेंट आणलं. खड्डे घेतले, ताट्यांचे पाय त्यात पुरले, लोखंडी पट्ट्या मारून सगळ्या एकमेकींना जोडल्या. पोती काढून वाफ्यांत थेट माती भरली. मामा ओट्यावर बसून होते. सिमेंट कालवल्याचा आवाज त्यांना ओळखू आला असणारच. त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी काय सांगणार होतो? मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी रोपांकडे बघत राहिले.

मॅडम आल्या, अकरा बायका आल्या. सगळ्यांनी फोटो काढले. बाकावर बसून चहा झाला. मामांना कुणी विचारलं, आजोबा, तुम्हीपण मदत करता का? मामा म्हणाले, पाणी घालतो. मी फार खूश होते, हे कबूल करते.

मग बाजाराचा दिवस आला. मी अंगणवाडीला जायला निघाले तेव्हा मामा पहार घेऊन पहिल्या ताटीशी उभे होते. त्यांनी पहार खाली घातली आणि रेटली. ताटी हलली नाही. दुसरीकडून रेटून पाहिली. मग खाली बसून तिच्या पायाला हात लावला, सिमेंटवरून बोटं फिरवली, पुढच्या ताटीच्या पायाला हात लावला, मग त्याच्या पुढच्या. सगळ्या ताट्या अशा हातानं बघून झाल्यावर त्यांनी पहार भिंतीला लावून ठेवली. मला थांबायला पाहिजे होतं. पण उशीर होत होता, मी स्कूटीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुणं वाळत घालेपर्यंत ओटा रिकामा झाला होता. काठी नव्हती. कालव्याच्या चारीपाशी गेले, बसथांब्यावर गेले, देवळात गेले. चारीतलं ते मातीनं भरलेलं तोंड डोळ्यापुढून हलेना. अकरा वाजता मी घाबरून नवऱ्याला फोन लावला. तो फोन मी केला नसता तर पुढचं कदाचित टळलं असतं, असं अजूनही वाटतं. पण तेव्हा मला मामा जिवंत पाहिजे होते, बाकी काही सुचत नव्हतं.

सापडले ते दुपारी, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या रानात एका अनोळखी मेंढपाळाचा तळ पडला होता. ट्रकांच्या त्या रस्त्यावरून मामा एकटे कसे पार गेले ते त्यांनाच ठाऊक. कोपर सोलवटलेलं होतं. ते वाघरीच्या गाठी बांधत बसले होते आणि त्यांच्याजवळ चहाची कपबशी होती. तो मेंढपाळ मला म्हणाला, ताई, मातारा लई कामाचा हाय, ऱ्हाऊ द्या चार दिस. मामांनी माझी चाहूल ओळखली. उठले आणि स्कूटीवर मागे बसले. मागून माझ्या खांद्याला धरलं. सुनेच्या अंगाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. पडू नये म्हणून धरलं असेल.

घरी नवरा आणि दीर दोघंही आलेले होते. मी भांडले. सिमेंट ओतलं म्हणून ते गेले, ते फोडा, मी फोडते, असं म्हणत पहार उचलली. दीर म्हणाला, वहिनी, ट्रकखाली आले असते तर? नवरा म्हणाला, तूच हो म्हणाली होतीस. नांदेडलाही आणि सिमेंटलाही. दोन्ही खरं होतं. मी पहार खाली ठेवली आणि आत जाऊन मामांची दोन धोतरं आणि सदरे पिशवीत भरले.

संध्याकाळच्या आत दिराची गाडी निघाली. मामा गाडीत बसायच्या आधी थांबले, काठीनं वाट काढत बागेपाशी गेले. वाकून वांग्याच्या झाडाला हात लावला, पानाखाली चाचपलं. तिथे लिंबाएवढं वांगं लागलं होतं. ते त्यांनी तोडलं नाही, नुसतं तळहातावर तोलून पाहिलं. मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "बाग मस्त धरली गं माय. आता न्हाई हालणार ती."

त्यांनी टोमणा मारला असता तर मला भांडता आलं असतं. मामा मनापासून बोलत होते.