भिंतीवरची एकोणीस नावं

प्रभावतीवहिनी बोलायला लागली की आमच्या वस्तीतली कुत्रीसुद्धा उठून बाजूला व्हायची. नोकरी अंगणवाडीत मदतनिसाची, पण रुबाब कलेक्टरचा. शहागडच्या खालच्या अंगाला गोदावरीकाठी आमचं गाव, आणि गावाच्या उतारावर, ओढ्याच्या तोंडाशी आमची बौद्ध वस्ती. नदी फुगली की ओढ्याचं पाणी उलटं फिरतं आणि आधी आमच्या दारात येतं. हे सगळ्यांना माहीत होतं. त्यावर आधीच काही करून ठेवता येतं, हे फक्त वहिनीला सुचलं.

तहसीलचं तीन दिवसांचं पूर-बचावाचं प्रशिक्षण करून ती आली ती नारिंगी जाकीट आणि शिट्टी घेऊनच. घरोघर फिरून तिनं आपल्या पायांनी बाहेर पडता येणार नाही अशा माणसांची यादी केली आणि विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवली. माणसाचं नाव, आणि पुढं त्याला उचलणाऱ्या दोघांची नावं. उचलायला दोन बांबूंना खताची पोती शिवून झोळ्या केल्या. हे सगळं कशासारखं दिसतं ते सांगायला नको. लोक खवळले. ओढ्याकाठच्या रखमाजी पाटलांची सून नंदाबाई तर भांडायलाच आली. सासरे अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले.

"प्रभावती, जित्या माणसाला खांदेकरी लावती का गं?"

"काकू, खांद्याला चार लागतात. म्या दोनच लिवले."

नंदाबाईला तोंड फिरवून हसावं लागलं. रखमाजींच्या नावापुढं माझं, राजानंदचं, आणि माझ्या चुलत भावाचं, बुद्धभूषणचं नाव पडलं. आमच्या हातांनी त्यांचा म्हातारा उचलायचा, हे त्या घराला गिळायला आणखी महिना लागला. त्यावर मी इथं बोलत बसत नाही, डोकं फिरतं.

अशी एकोणीस नावं झाली. विसावं नाव तिच्याच घरात होतं.

तिचा नवरा साहेबरावदादा जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात होता. सात वर्षांपूर्वी तापलेली सळई मांडीतून आरपार गेली. तेव्हापासून बाज ते उंबरा, तेही काठीवर. याच माणसानं दोन हजार सहाच्या पुरात चार घरचे म्हातारे पाठीवर घालून बाहेर काढले होते. त्याचं नाव भिंतीवर लिहायचं म्हटल्यावर तो वहिनीला म्हणाला, "लिही. रातोरात चुना फासून येतो." सगळ्या गावाला तोंड देणाऱ्या बाईनं घरात माघार घेतली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "त्यांचं माझ्याकडं राह्यलं. म्या हाय ना." मला तरी कुठं दादाला दुखवायचं होतं?

पहिल्या तालमीत सगळी पोरं एकाच घरी धावली आणि पाच म्हातारे जागेवर राहिले. वहिनीनं सगळ्यांची पिसं काढली आणि नियम केला: आपली ओळ, आपला माणूस, मधी थांबायचं न्हाई. पुढच्या तीन तालमींत तो आमच्या अंगात मुरला.

गेल्या सप्टेंबरात चार दिवस पाऊस लागून होता. पाचव्या दिवशी सकाळी दहाला वरच्या धरणातून सोडायचं पाणी वाढवल्याचा फोन आला आणि वहिनीनं तीन लांब शिट्ट्या मारल्या. आम्ही रखमाजींना झोळीत घेतलं. उंचावरच्या शाळेकडं जायची वाट साहेबरावदादाच्या दारावरून. गुडघाभर पाणी आत शिरलेलं. दादा बाजेवर बसला होता, काठी मांडीवर.

"दादा, वहिनी कुठंय?"

"येऊन राह्यली. तू चाल जल्दी, म्हातारा भिजंल."

आम्ही चाललो. हे मी किती वेळा आठवलं असेल! चार पावलं पुढं झोळी टेकवायला ओटा होता. एकानं म्हाताऱ्याजवळ थांबायचं, दुसऱ्यानं दादाला पाठीवर घ्यायचं. पण ओळीत नाव नव्हतं, आणि तालमीत आम्ही थांबायचं शिकलोच नव्हतो.

वहिनी तेव्हा वस्तीच्या दुसऱ्या टोकाला होती. यादीतल्या सोनूबाई आजीला उचलणारे दोघंही पुलापलीकडं अडकले होते, म्हणून वहिनीनं आजीला स्वतःच पाठुंगळी घेतलं. तिला शाळेत उतरवून ती आली तोवर मधल्या गल्लीत ओढ्याची धार लागली होती. म्हैस वाहून गेली आमच्यासमोर. वहिनी तशीच पाण्यात निघाली. मी तिला मागून कव घातली. मला पोहता येत नाही, बुद्धभूषणलाही येत नाही.

"सोड राजा! ते एकटे हायेत रे, सोड!"

तिनं माझ्या मनगटाला चावा घेतला. मी सोडलं नाही. पलीकडून दादा काठीनं छताचा पत्रा वाजवत होता. म्हणजे बाजेवर उभा राहिला होता, त्या पायावर. तहसीलला सतरा फोन लावले, बोट निघाली एवढंच उत्तर. वहिनी शिट्टी मारायची, पलीकडून पत्रा वाजायचा. असं बराच वेळ चाललं. मग तिनं शिट्टी मारली आणि पत्रा वाजला नाही. तिनं पुन्हा मारली. अंधार पडेपर्यंत ती मारत राहिली, आणि बोट आली तेव्हाही तिचा दम संपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. दादा सापडला. काठी मुठीतच होती, बोटं उघडावी लागली.

पंचनाम्याला आलेले साहेब भिंतीपुढं उभे राहून म्हणाले, यादीतले एकोणीसच्या एकोणीस वाचले, कमाल आहे. त्यांचं काही चुकलं नाही. तरी त्यांना धक्के मारून हाकलावं असं मला वाटलं.

त्रिसरण-पंचशील झालं. खांदा द्यायला मी पुढं झालो, बुद्धभूषण झाला. मागून आणखी दोघं आले, त्यातला एक नंदाबाईचा मुलगा बबलू. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर करून आम्हाला एकेक करून मोजलं.

"चार झाले," ती म्हणाली. "काल त्यांला दोघंच लागत व्हते रे, राजा."