यादी भिंतीवर, अंगठा मशीनवर

आमच्या ऑनलाइन सेंटरवर अर्जांपेक्षा किस्सेच जास्त साचतात. अर्ज निदान रिजेक्ट तरी होतात, किस्से कुठं जातायत! दिंद्रुडच्या अलीकडं माझं हे दुकान. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि अंगठा घ्यायचं मशीन. शेतीचं अनुदान आलं की लाभार्थ्यांची यादी शेजारच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागते आणि सगळं गाव माझ्याकडं येतं.

*

यादीत स्वतःचं नाव आधी कुणी बघतच नाही, शेजाऱ्याचं बघतात! नामदेव आबा बोट लावून अख्खी यादी वाचत होते. मी म्हटलं, "आबा, तुमचं नाव न्हाई यात."

"माझं मरू दे बे! इठ्ठलचं कावून आलं ते सांग!"

*

एकदा यादी दिवाळीनंतर लागली. खाली लिहिलेलं, 'हरकती आठ दिवसांत लेखी द्याव्यात.' तोवर निम्मं गाव ऊसतोडीला कर्नाटकात गेलेलं. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही. नवव्या दिवशी तालुक्याहून साहेब आले आणि कोरं रजिस्टर बघून खूश झाले.

"एकही हरकत नाही! समजूतदार गाव आहे!"

मी साहेबांना चहा पाजला.

*

त्याच यादीत एका पुढाऱ्याच्या नावापुढं मोसंबीची बाग होती. त्यांच्या रानात मोसंबी औषधालाही नाही! मी हळूच म्हटलं, "भाऊ, यादी चारचौघांत लागलीय. लोक काय म्हणतील?"

"चोरून थोडंच घेतलंय? भिंतीवर लावून घेतलंय!"

कुणीच लेखी हरकत दिली नाही. मीही नाही. त्याची लाज अजून वाटते.

*

आणि आमची गयाबाई. विधवा, एकटी, दीड एकर रान. ऊस तोडून तोडून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या. नाव पहिल्यापासून यादीत आहे, पण अंगठा जुळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. दर वर्षी येते. तेल लावून बघितलं, पाण्यात बोटं भिजवून बघितलं, मशीन लाल ते लालच!

"मग ही बोटं कुणाची हायती रं दादा?"

*

पण यादीत नाव आहे, म्हणजे गावाच्या लेखी तिला पैसे मिळतात! ती ऊसतोडीला गेली की तिचा दीर तिचं रान करायचा आणि वर्षाची दोन पोती ज्वारी द्यायचा. यंदा दिली नाहीत.

"वैनी, तुमाला सरकार देतंय की! भिंतीवर लिवलंय!"

तिनं देवाची शपथ घेतली, तरी त्याला पटेना. शेवटी ती माझ्याकडं आली.

"माझं नाव काढून टाक, दादा. निदान ज्वारी तरी मिळंल."

"मावशी, एकदा सोडलं की परत मिळत न्हाई."

"मिळालंय कवा?"

मी वेबसाइटवर 'लाभ स्वेच्छेने सोडणे' उघडलं. त्यालाही अंगठाच लागतो! मनात म्हटलं, बरं झालं, हिचा अंगठा काही जुळत नाही, नाव तरी राहील.

गयाबाईनं पदराला बोट पुसलं आणि मशीनवर ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हिरवा दिवा लागला.

तिनं माझं मनगट घट्ट धरलं. सगळं तोंड हसत होतं.

"लागला की रं दादा! बघ, माझाच हाय की अंगठा!"