सुपारीवर पास झालेले चाकू

माझ्या खिशात आजवर बावीस चाकू होऊन गेले. मटणाच्या ताटापेक्षा महाग त्यातला एकही नव्हता. चार एस.टी.च्या सीटच्या फटीत गेले. एक कोर्टाच्या दारावर हवालदारानं काढून घेतला, तो परत मागायची माझी छाती झाली नाही. एक तर खिशातच उघडला आणि मांडी अशा जागी कापली, की डॉक्टरला दाखवताना कंपाउंडर बाहेर जाईपर्यंत मी थांबलो. तरी जळकोटकडच्या आमच्या शाळेत कुणालाही चाकू घ्यायचा असला की आधी मला विचारायचे. शिकवायचो मी भूगोल. भूगोलाचं मला कुणी कधी काही विचारलं नाही.

ही विद्या मी फुकट वाटत आलो, तुम्हालाही सांगतो. चकाकणारं पातं घेऊ नका. ते आरसा म्हणून ठीक, टोमॅटोवर घसरतं. काळपट पातं घ्या. गंजेल, पण कपाच्या बुडावर चार वेळा घासलं की पुन्हा धार धरेल. चाकू उघडा, टोक चिमटीत धरा आणि आडवं हलवा. खिळ्यात ढील लागली तर दुकानदाराला रामराम घाला. मिटल्यावर चाकू मुठीत झाकला गेला पाहिजे, म्हणजे बसमध्ये कुणी दचकत नाही. नांदेडला कृपाणांच्या दुकानांच्या ओळीत एक म्हातारा दुकानदार होता. मी दिसलो की तो भारी माल आत सरकवायचा आणि स्वस्ताचा डबा पुढं करायचा. "या गुरुजी, तुमच्या लायकीचं आलंय."

एवढं करूनही शेवटी माझी एक परीक्षा असायची. सुपारीची. सुपारी अडकित्त्यानं कातरायची असते हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण मला नवा चाकू सुपारीवर चालवून बघायची खोड. भिजवलेली सुपारी डाव्या चिमटीत धरायची आणि कागदासारखी पापडी निघते का बघायचं. निघाली तर चाकू पास. नापास चाकूंच्या खुणा माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून आहेत.

आता निघालेल्या पापडीचं करायचं काय? मी सुपारी खात नाही. स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीत गणिताचा मास्तर बसायचा, माझा मित्र. पहिली पापडी मी त्याच्यापुढं धरली तेव्हा तो मागं सरला.

"मला सवय न्हाई रे."

"सवय कशाची? चव नको बघू, जाडी बघ. तू गणितवाला, तुला मापातलं कळतं."

त्यानं ती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि खुर्चीत रेलून निकाल दिला, "पास. पण ग्रेस मार्कावर."

मग ते रोजचंच झालं. चाकू नवा असो-नसो, दुपारच्या सुट्टीत परीक्षा ठरलेली. त्याचं एकच पथ्य होतं, चाकू माझ्या हातून घ्यायचा नाही. "खाली ठेव. हातातून हातात चाकू दिला की भांडण होतं." मी टेबलावर ठेवायचो, मग तो उचलून धार बघायचा. एरवी पुराव्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा माणूस, पण एवढं पाळायचा. आणि आमचं भांडण खरंच कधी झालं नाही. त्यानं तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा मी बसमध्ये विसरून आलो, तेव्हासुद्धा नाही.

पुढं माझ्या पापड्यांनी त्याचं भागेना. तो गुटख्याच्या पुडीवर गेला. पुडी मी शिकवली नाही, हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगतो.

रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी त्याला वडापाव चावता येईना. तो वडा दाबून चपटा करायचा आणि मोडून मोडून आत ढकलायचा. मी स्टाफरूमभर सांगत सुटलो, "मास्तरचं तोंड वहिनींनी बंद केलं बघा. आता पावसुद्धा विचारून आत जातो." सगळे हसले. तोही हसला, दात मिटूनच. वर्षभर मी तो विनोद चालवला. दवाखाना सुचायला पाहिजे होता तेव्हा मला नवे नवे विनोद सुचत होते.

लातूरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं मीच सोबत गेलो. "तीन बोटं उभी घाला तोंडात," त्या म्हणाल्या. दोनच गेली.

"सुपारी कधीपासून?"

"लई वर्षं झाली," तो छताकडं बघत म्हणाला.

लावली कुणी, असं आता विचारतील म्हणून मी खिशातल्या चाकूवर हात दाबून बसलो. त्यांनी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. सुपारीनं गाल आतून ताठ झालेत, म्हणाल्या, पहिल्यासारखे होणार नाहीत, आहे तेवढं टिकवा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून रोज दातांत धरायच्या. त्या दिवशी बारा बसल्या.

सुपारी, पुडी, सगळं त्यानं त्याच दिवशी सोडलं. पण गालांना ते कोण सांगणार? तो फोनवर मला आकडा सांगायचा. अकरा. गालात सुया घेतल्यावर पुन्हा बारा. मग नऊ. तिखटानं तोंडात आग पडायची, भाकरी दुधात कुस्करावी लागायची. एक पेरू तेवढा त्याच्या मनातून जाईना. "पेरूचं काय करावं रे?" तो विचारायचा.

म्हणून मी परत चाकू शोधायला लागलो. मोबाइलवरून एक मागवला. फोटोत तलवारीएवढा होता, आला तो किल्ल्यांच्या जुडग्यात हरवला. शेवटी किल्लारीच्या वाटेवर पाल टाकून बसलेल्या घिसाडीणबाईनं करवतीच्या तुटक्या पात्याचा एक घडवून दिला.

"पेरूला एवढी धार? पेरू हाय का वैरी?" ती म्हणाली.

पन्नास रुपये. बाविसांतला शेवटचा आणि सगळ्यांत चांगला. सुपारीवर मी तो चालवला नाही.

बिया काढून मी अशा पातळ फोडी करायचो की पलीकडची ताटलीची नक्षी दिसावी. पेटीत पत्र टाकावं तशी फोड त्याच्या दातांच्या फटीतून आत सारायची. तो डोळे मिटायचा. "पास," दातांतूनच म्हणायचा.

वहिनी एकदा दारात उभ्या राहून बघत होत्या. "भाऊजी, सुपारीबी अशीच चिरायचा म्हणं तुम्ही."

"हाव, वहिनी."

त्या आत गेल्या. त्या दिवशी चहा झाला नाही.

गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा चार काड्यांवर आलं होतं. गालात आतून जखम झालीय, तिचा तुकडा तपासायला पाठवलाय. मी पेरू चिरला. पहिल्याच फोडीचा रस लागला आणि तो गाल धरून कळवळला. बाकीच्या फोडी ताटलीत तांबूस पडत गेल्या.

इतक्या वर्षांत बोललो नव्हतो ते बोललो. "सुपारी मी लावली तुला."

त्यानं माशी हाकलल्यासारखा हात हलवला. "गप."

"शिव्या तरी दे."

"तोंड कुठं उघडतंय?" तो म्हणाला, आणि नाकानं हसला.

त्याचं ते हसणं मला सोसेना. मी चाकू पुसला आणि मूठ त्याच्याकडं करून सरळ त्याच्या हातात दिला. माझ्या हातातून त्याच्या हातात. भांड म्हणावं एकदाचा.

त्यानं हातातल्या चाकूकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याला कळलं. तो खाटेवरून हळूहळू वाकला आणि चाकू फरशीवर ठेवला. थोडं थांबून त्यानं तो आपणच उचलला, अंगठ्यानं धार बघितली, मान हलवली. बघून झाल्यावर पुन्हा वाकून माझ्या पायाशी ठेवला.

मला तो उचलावा लागला.